वह्यांनी वाचवलेला कवी

लंडनला जाऊन आलेल्या मंडळींच्या आल्बममध्ये सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या घुमटाचा फोटो हमखास असतो. पण त्याच कॅथीड्रलमध्ये, दक्षिणेच्या बाजूला भिंतीशी उभ्या असलेल्या एका संगमरवरी पुतळ्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. एका कलशावर उभा असलेला हा पुरुष नखशिखांत कफनात गुंडाळलेला आहे. कफनाची गाठ डोक्यावर बांधलेली, चेहरा तेवढा उघडा, डोळे मिटलेले. खालच्या कलशावर करपल्याच्या खुणा आहेत. १६६६ साली लंडनला लागलेल्या भीषण आगीत जुने सेंट पॉल्स जळून गेले. तिथले इतर पुतळे आणि थडगी नष्ट झाली किंवा मोडतोड होऊन उरली. हा एक पुतळा तेवढा जवळजवळ धडधाकट बाहेर आला.

हा पुतळा जॉन डनचा. इंग्रजी स्पेलिंग पाहून आपण त्याला ‘डॉन’ म्हणू, पण खरा उच्चार ‘डन’. मृत्यूपूर्वी दहा वर्षे तो याच कॅथीड्रलचा डीन, म्हणजे मुख्य धर्माधिकारी होता. त्याचे प्रवचन ऐकायला लंडन लोटत असे. आज मात्र जग त्याला ओळखते ते कवी म्हणून, आणि तेही इंग्रजीतल्या सर्वोत्तम प्रेमकवितांपैकी काही लिहिणारा कवी म्हणून. गंमत अशी, की या कविता त्याने कधी छापल्या नाहीत. एकदा छापायचे मनात आले, तर त्याच्याजवळ त्यांच्या प्रतीही नव्हत्या. मग चारशे वर्षांनंतर त्या आपल्यापर्यंत आल्या कशा? त्याचे उत्तर त्याच्या आयुष्यात जितके आहे, तितकेच दुसऱ्यांनी जपलेल्या वह्यांतही आहे.

धर्मसंकटातले बालपण

डनचा जन्म १५७२ सालचा, लंडनच्या ब्रेड स्ट्रीटमधला. वडील लोखंडी सामानाचे प्रतिष्ठित व्यापारी होते. जॉन चार वर्षांचा असतानाच ते वारले. आई एलिझाबेथ ही जॉन हेवुड या नाटककाराची मुलगी, आणि तिच्या आईकडून तिचे नाते थेट सर टॉमस मोरच्या घराण्याशी होते. राजा आठव्या हेन्रीला धर्माचा प्रमुख मानायला नकार दिला म्हणून १५३५ साली ज्याचा शिरच्छेद झाला, तोच हा मोर. घर कट्टर कॅथलिक होते आणि इंग्लंडमध्ये तेव्हा कॅथलिक असणे म्हणजे सदैव संशयाच्या छायेत जगणे होते. डनचा एक मामा जेझुइट पाद्री होता. त्याला पकडून तुरुंगात टाकले आणि पुढे देशाबाहेर घालवले.

अशा घरातल्या हुशार मुलाला शिकवायचे तरी कसे? विद्यापीठात सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याला राणीच्या धर्मसत्तेची शपथ घ्यावी लागे. ती टळावी म्हणून डनला अगदी लहान वयात, १५८४ साली, ऑक्सफर्डला पाठवले. शिक्षण झाले, पण शपथेवाचून पदवी मिळणे शक्य नव्हते. पुढे तो कायदा शिकायला लंडनच्या लिंकन्स इन या संस्थेत दाखल झाला. तिथे असतानाच घरावर आघात झाला. त्याचा धाकटा भाऊ हेन्री याने एका कॅथलिक पाद्र्याला आपल्या खोलीत आसरा दिला होता. ते उघडकीस आले, हेन्रीला न्यूगेटच्या तुरुंगात टाकले, आणि १५९३ मध्ये तिथल्या साथीत तो मरण पावला. पाद्र्याला पुढच्या वर्षी फाशी झाली.

या घटनेने डनच्या मनात काय उलथापालथ झाली असेल, याची कल्पनाच करावी. एकीकडे पूर्वजांचा धर्म, दुसरीकडे जगण्याची आस आणि महत्त्वाकांक्षा. पुढच्या काही वर्षांत तो हळूहळू कॅथलिक पंथापासून दूर गेला. पण मनातला वाद काही मिटला नाही आणि त्याच्या कवितेतले ते सतत वाद घालणे, स्वतःशी भांडणे कदाचित इथूनच आले.

त्याच्या बहुतेक प्रेमकविता याच तरुण वयात सुरू झालेल्या. त्या काळी इंग्रजी प्रेमकवितेचा साचा ठरलेला होता. प्रियेचे डोळे ताऱ्यांसारखे, गाल गुलाबासारखे, आणि प्रियकर मात्र उसासे टाकत दूर उभा. डनने तो साचा मोडला. त्याची कविता बोलल्यासारखी, एकदम मध्येच सुरू होते. कधी तो सकाळी खिडकीतून डोकावणाऱ्या सूर्यालाच दटावतो. कधी एका पिसवेवरून प्रेमाचा युक्तिवाद उभा करतो. दूर जाणारा प्रियकर आणि घरी राहिलेली प्रिया यांना तो वर्तुळ काढायच्या कंपासच्या दोन पायांची उपमा देतो: एक पाय फिरत राहतो, दुसरा मध्यावर रोवून उभा असतो, आणि दोन्ही वर एकाच जागी जोडलेले असतात. शाळेच्या कंपासपेटीतल्या वस्तूतून प्रेमाचे एवढे मोठे सत्य सांगणे त्याच्याआधी फारसे कोणाला सुचले नव्हते.

चोरून केलेले लग्न

डन १५९६ मध्ये कादिझच्या आणि १५९७ मध्ये अझोर्सच्या आरमारी मोहिमेवर जाऊन आला. त्यानंतर त्याला मोठी नोकरी मिळाली. राजमुद्रेचे रक्षक सर टॉमस एगर्टन यांचा तो चिटणीस झाला. राज्यातल्या अत्यंत वजनदार माणसाचा विश्वासू चिटणीस! पुढची वाट सरळ वर जाणारी होती. पण एगर्टन यांच्या घरी त्यांच्या पत्नीची भाची राहत होती. तिचे नाव अ‍ॅन मोर. वडील सर जॉर्ज मोर हे सरे परगण्यातले बडे जमीनदार आणि भारी तापट गृहस्थ.

डिसेंबर १६०१ मध्ये दोघांनी गुपचूप लग्न केले. तेव्हा अ‍ॅन सतरा वर्षांची होती, तो एकोणतीसचा. लग्न लावणारा सॅम्युअल ब्रुक आणि कन्यादान करणारा त्याचा भाऊ क्रिस्टोफर, हे दोघे डनचे मित्र. काही आठवडे कोणाला पत्ता लागला नाही. अखेर फेब्रुवारी १६०२ मध्ये डनने सासऱ्याला पत्र लिहून सारे कबूल केले. सासऱ्याचा संताप इतका अनावर झाला, की त्याने जावयाला फ्लीटच्या तुरुंगात धाडले. ब्रुक बंधूंचीही तीच गत झाली. एगर्टन यांच्यावर दबाव आणून डनची नोकरीही घालवली.

थोड्याच आठवड्यांत डन सुटला, आणि त्या वसंत ऋतूत न्यायालयाने लग्न कायदेशीर ठरवले. राग शांत झाल्यावर खुद्द सासऱ्यानेच जावयाला परत घ्यावे म्हणून एगर्टन यांच्याकडे रदबदली केली. पण एगर्टन यांनी ऐकले नाही. कोणाच्या रागापायी माणसाला काढायचे आणि त्याचाच राग ओसरला की परत घ्यायचे, हे आपल्या पदाला शोभत नाही, असा त्यांचा पवित्रा होता. एका लग्नाने डनची उमेदीची तब्बल तेरा वर्षे खाल्ली.

सुरुवातीला अ‍ॅनच्या एका चुलत-मामे नात्यातल्या तरुणाने पिरफर्डच्या घरी आसरा दिला. मग लंडनजवळच्या मिचममध्ये एक लहानसे घर घेतले. घर दमट, पैसा नाही, दर वर्ष-दोन वर्षांनी पाळणा हलतो आहे, मुले आजारी पडताहेत. हुंड्याची रक्कम सासऱ्याने सोडली ती १६०९ साली. मिचमच्या त्या घरात डनने आत्महत्येच्या विषयावर एक अख्खे पुस्तक लिहिले, यावरून त्याची मनःस्थिती कळावी. पण याच दिवसांत त्याने एक नेम धरला होता. दर मंगळवारी तो आपला मित्र सर हेन्री गुडियर याला पत्र लिहीत असे. पत्रासोबत कधी कधी कविता जात.

छापखान्याचे वावडे

आपल्या मनात प्रश्न येईल, की अशा ओढगस्तीत या माणसाने कविता छापून चार पैसे का मिळवले नाहीत? त्या काळच्या घरंदाज समाजात कविता लिहिणे हे भूषण होते, पण ती छापून दुकानात विकणे कमीपणाचे मानले जाई. कविता सुट्या कागदावर उतरवायची, मित्राला द्यायची. त्याने ती आपल्या वहीत उतरून घ्यायची आणि पुढे दुसऱ्याला दाखवायची. अशा एका वहीतून दहा वह्या होत. उतरवताना शब्द बदलत, ओळी गळत, दुसऱ्याची कविता डनच्या नावावर चढे आणि डनची कविता बिननावी फिरे.

त्याच्या हयातीत छापलेल्या कविता बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. त्यातली एक मोठी मजेदार. टॉमस कॉरियट नावाच्या एका विक्षिप्त प्रवाशाने १६११ साली आपल्या पायी प्रवासाचे पुस्तक काढले आणि त्याची टिंगल करणाऱ्या प्रास्ताविक कविता अनेक मित्रांनी लिहिल्या. त्यात डनही होता. हाच कॉरियट पुढे पायी पायी थेट हिंदुस्थानात आला, अजमेरला जहांगीर बादशहासमोर उभा राहिला आणि १६१७ साली सुरतेत मरण पावला. त्याच १६११ मध्ये आणि पुढच्या वर्षी डनने एलिझाबेथ ड्रूरी या लहान वयात वारलेल्या मुलीच्या स्मृतीसाठी लिहिलेली दोन दीर्घ काव्ये छापली. मुलीला त्याने कधी पाहिलेही नव्हते. तिचे वडील त्याचे आश्रयदाते होते. या काव्यांवर टीका झाली आणि आपण छापायच्या फंदात पडलो याची डनला खंत वाटली.

याच ड्रूरीसाहेबांबरोबर डन फ्रान्सला गेला तेव्हा अ‍ॅन गरोदर होती. आयझॅक वॉल्टन हा त्याचा पहिला चरित्रकार एक गोष्ट सांगतो. पॅरिसमध्ये एका दुपारी डनला आपली पत्नी केस मोकळे सोडून, हातात मृत बाळ घेऊन खोलीतून जाताना दिसली. इंग्लंडला माणूस धाडला तेव्हा कळले, की अ‍ॅनला मृत मूल झाले होते. दर्शनाची कथा वॉल्टनची, तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. मूल दगावल्याची गोष्ट मात्र खरी.

आणि मग आला डिसेंबर १६१४. राजा पहिला जेम्स याला डनची विद्वत्ता ठाऊक होती. पण द्यायचेच तर धर्मखात्यातले पद देईन, दुसरे काही नाही, असा राजाचा हेका होता. अखेर डन तयार झाला. धर्मगुरू होण्याआधी एका बड्या सरदाराच्या आग्रहाखातर आपल्या कविता एकदाच छापून टाकाव्यात, असे त्याच्या मनात आले. पण कविता होत्या कुठे? त्याने गुडियरला पत्र लिहून त्याच्याजवळची जुनी वही उसनी मागितली. स्वतःच्या कविता लिहायला जेवढे कष्ट पडले नाहीत, तेवढे त्या शोधायला पडताहेत, असे त्याने हसत-कुरकुरत कळवले. पुस्तक काही निघाले नाही. महिन्याभराने, २३ जानेवारी १६१५ रोजी, डनने धर्मगुरूची दीक्षा घेतली.

एकच प्रत उरलेले सुनीत

हलाखी संपायला लागली होती, पण अ‍ॅनच्या नशिबी ते सुख फार नव्हते. ऑगस्ट १६१७ मध्ये तिचे बारावे बाळंतपण झाले. मूल मृत जन्मले आणि पाच दिवसांनी, १५ ऑगस्टला, ती गेली. वय तेहतीस. सोळा वर्षांच्या संसारात बारा बाळंतपणे, आणि मागे उरलेली सात लेकरे. डनने पुन्हा लग्न केले नाही. तिच्या थडग्यासाठी त्याने लॅटिनमध्ये लेख लिहिला आणि इंग्रजीत एक सुनीत लिहिले.

या सुनीताची कहाणी सांगण्यासारखी आहे. त्यात तो म्हणतो ते साधारण असे: जिच्यावर प्रेम केले ती गेल्यावर आता माझे मन देवाकडेच लागले आहे, तिच्यामुळेच तर ते त्याच्याकडे वळले. पण लगेच तो कबूल करतो, की देव भेटला तरी प्रेमाची तहान काही शमलेली नाही. धर्मगुरूने जाहीरपणे बोलावे असे हे नव्हते. ते सुनीत कोणत्याही छापील पुस्तकात आले नाही. डनचा रोलंड वुडवर्ड नावाचा मित्र होता. त्याने डनच्या कविता सुबक अक्षरात एका वहीत उतरवून ठेवल्या होत्या. त्या वहीत हे सुनीत होते, आणि आज माहीत असलेली त्याची ती एकमेव प्रत. वही वेस्टमोरलंडच्या उमरावांच्या ग्रंथसंग्रहात पडून राहिली. १८९२ मध्ये तो संग्रह विकला गेला, तेव्हा ती एडमंड गॉस या टीकाकाराच्या हाती लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे अ‍ॅनच्या मृत्यूनंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी, ते सुनीत पहिल्यांदा छापले गेले. वुडवर्डने एक संध्याकाळ कंटाळा केला असता, तर पत्नीसाठी डनने लिहिलेले हे शब्द आपल्याला कधी कळलेच नसते. ही वही आता न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे.

१६२१ मध्ये डन सेंट पॉल्सचा डीन झाला. त्याची एकशे साठ प्रवचने आज उपलब्ध आहेत. १६२३ च्या हिवाळ्यात तापाने तो मरणाच्या दारात जाऊन आला. अंथरुणावर पडल्या पडल्या शेजारच्या चर्चची मृत्युघंटा ऐकत त्याने जे चिंतन लिहिले, ते मात्र त्याने लगेच १६२४ मध्ये छापले. कोणीही माणूस एकटा नसतो, दुसऱ्याचे मरण हे आपलेही थोडे मरण असते, हा त्यातला विचार पुढे जगभर गेला. हेमिंग्वेने १९४० मधल्या आपल्या स्पेनच्या यादवी युद्धावरील कादंबरीचे नाव त्यातूनच उचलले.

२५ फेब्रुवारी १६३१ रोजी त्याने राजवाड्यात शेवटचे प्रवचन दिले. देह इतका खंगलेला, विषय मृत्यूचा. ऐकणाऱ्यांना वाटले, की हा स्वतःच्याच अंत्यविधीचे प्रवचन करतो आहे. मग त्याने, वॉल्टनच्या सांगण्यानुसार, एक लाकडी कलश करवून घेतला, अंगाला कफन गुंडाळून त्यावर उभा राहिला आणि चित्रकाराकडून तसे चित्र काढून घेतले. ते चित्र शेवटपर्यंत बिछान्याशेजारी होते. ३१ मार्च १६३१ रोजी तो वारला. निकोलस स्टोन या शिल्पकाराने घडवलेला सेंट पॉल्समधला पुतळा याच रूपातला आहे. आपल्या मरणाची प्रतिमा इतक्या काटेकोरपणे जपणाऱ्या या माणसाने कविता मात्र वाऱ्यावर सोडल्या होत्या.

संग्रहांच्या दारात

त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १६३३ मध्ये, जॉन मॅरियट या प्रकाशकाने मिळतील त्या वह्या जमवून पहिला संग्रह काढला. मुखपृष्ठावर पूर्ण नावही नाही, नुसती ‘जे. डी.’ ही आद्याक्षरे. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने काही धीट कविता वगळायला लावल्या. पुस्तक खपले. डनचा मुलगा, त्याचेही नाव जॉनच, १६३७ मध्ये वडिलांच्या नावाने चाललेली छपाई थांबवा म्हणून आर्चबिशपकडे तक्रार घेऊन गेला, आणि पुढे १६५० ची आवृत्ती त्याने स्वतःच काढली! १६६९ पर्यंत सात आवृत्त्या निघाल्या.

आणि मग वारा फिरला. बेन जॉन्सनने डनच्या हयातीतच भाकीत केले होते, की काही बाबतींत हा जगातला पहिला कवी, पण समजला न गेल्याने तो नाहीसा होईल. झाले तसेच. अठराव्या शतकाला गुळगुळीत, तोलून-मापून बसवलेली कविता हवी होती. पोपने डनच्या दोन उपरोधिक कविता ‘नीट’ छंदात बसवून पुन्हा लिहिल्या. डॉ. सॅम्युअल जॉन्सनच्या प्रस्तावना असलेली इंग्रजी कवींची मोठी मालिका १७७९ पासून निघू लागली, ती डनला ओलांडून काउलीपासून सुरू होते. काउलीच्या चरित्रातच जॉन्सनने डन आणि त्याच्यासारख्या कवींवर ‘मेटॅफिजिकल’ हा शिक्का मारला. त्यांच्या कवितेत अगदी विजोड कल्पना जबरदस्तीने एकत्र जुंपल्या जातात, ही त्याची तक्रार होती.

मधूनच एखादा जाणकार भेटे. १८११ मध्ये कोलरिजने आपला मित्र चार्ल्स लँब याच्या प्रतीच्या समासात डनवर झकास टिपणे लिहून ठेवली. पण सामान्य वाचक कवितेकडे जातो तो निवडक कवितांच्या संग्रहातून, आणि तिथली दारे बंद होती. १८६१ मध्ये फ्रान्सिस पालग्रेव्हने टेनिसनच्या सल्ल्याने ‘गोल्डन ट्रेझरी’ काढली. एवढे लोकप्रिय संकलन इंग्रजीत क्वचितच झाले असेल. आपल्याकडे कॉलेजात इंग्रजी शिकलेल्या कित्येक पिढ्यांची इंग्रजी कवितेशी ओळख याच पुस्तकाने करून दिली. आजोबांच्या कपाटात अजूनही एखादी प्रत सापडेल. त्या मूळ संग्रहात शेक्सपिअर आहे, मिल्टन आहे, हेरिक आहे. डनच्या नावावर एकही कविता नाही. १९०० सालच्या ‘ऑक्सफर्ड बुक ऑफ इंग्लिश व्हर्स’ने त्याला दारात घेतले, पण त्याच्या नावावर घातलेल्या कवितांपैकी काही पुढच्या संशोधकांना त्याच्या वाटल्या नाहीत.

दार सताड उघडले ते हर्बर्ट ग्रिअर्सन या स्कॉटलंडमधल्या प्राध्यापकाने. त्याने जुन्या वह्या आणि छापील आवृत्त्या शब्दाला शब्द लावून ताडून पाहिल्या, परक्या कविता बाजूला काढल्या, आणि १९१२ मध्ये ऑक्सफर्डमधून दोन खंडांत डनच्या कवितांची शुद्ध आवृत्ती काढली. १९२१ मध्ये त्याने सतराव्या शतकातल्या या कवींचे एक संकलनही काढले. त्यावर टी. एस. एलियटने जे परीक्षण लिहिले, ते मूळ पुस्तकाइतकेच गाजले. एलियटचे म्हणणे असे, की या कवींच्या लेखी विचार आणि भावना वेगळ्या नव्हत्या, त्यांना विचारही फुलाच्या वासासारखा जाणवत असे. ज्या गुणासाठी डॉ. जॉन्सनने डनला झिडकारले होते, त्याच गुणासाठी विसाव्या शतकाने त्याला जवळ केले. शहर, यंत्र, युद्ध यांनी भांबावलेल्या नव्या कवींना विजोड वस्तू एकत्र आणणारा हा पूर्वज आपला वाटला. एलियटमार्गे ते वारे मराठी नवकवितेपर्यंत आले. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ मध्ये आल्या तेव्हा यंत्रयुगातल्या प्रतिमा आणि संतांचे छंद शेजारी शेजारी पाहून वाचक दचकले होते. ते दचकणे डनच्या वाचकांना नवे नव्हते.

१६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली. त्या चाचणीला ‘ट्रिनिटी’ हे नाव रॉबर्ट ओपेनहायमरने दिले. त्या क्षणी त्याला भगवद्गीता आठवली, हे आपण नेहमी ऐकतो. नाव सुचले तेव्हा डनच्या कविता मनात होत्या, असे त्याने पुढे १९६२ मध्ये कळवले. वह्यांत अडकलेला कवी किती दूर पोचला, पाहा.

वही जपणारे हात

डनच्या कवितांच्या हाताने उतरवलेल्या चार हजारांहून अधिक नकला आज अभ्यासकांनी नोंदवल्या आहेत. खुद्द त्याच्या हस्ताक्षरातली इंग्रजी कविता मात्र एकच सापडली आहे, तीही १९७० मध्ये. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाने ती घेतली. २०१८ मध्ये सफोक परगण्यातल्या मेलफर्ड हॉल या जुन्या वाड्यात त्याच्या कवितांची चारशेहून अधिक पानांची एक अज्ञात वही सापडली.

या सगळ्यात एक गोष्ट मनाला लागून राहते. या वह्या लिहिणारे बहुतेक लोक मोठे पंडित नव्हते. कोणी वकिलीचा विद्यार्थी, कोणी चिटणीस, कोणी सरदाराघरची बाई. त्यांना संशोधन करायचे नव्हते की इतिहास घडवायचा नव्हता. कविता आवडली, म्हणून उतरवून घेतली, एवढेच. टीकाकारांचे कौल दर शंभर वर्षांनी बदलले. निवडक संग्रह काढणाऱ्यांनी आपापल्या काळाच्या आवडीप्रमाणे कधी डनला दाराबाहेर ठेवले, कधी पंक्तीत मानाने बसवले. पण निवडायला काही उरले, ते या अनाम हातांनी जपले म्हणून. मराठीत ‘वाचणे’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. डनच्या बाबतीत ते वेगळे करताच येत नाहीत. तो वाचला गेला, म्हणून वाचला.

आपल्याकडेही कितीतरी घरांत आजीच्या, आत्याच्या हातची एखादी वही असते. शाईने लिहिलेल्या कविता, भावगीते, ओव्या, मध्येच एखादा किराणा मालाचा हिशेब. पुढच्या दिवाळीच्या आवराआवरीत ती हाती लागली, तर रद्दीत टाकण्याआधी जरा दोन पाने उलटून पाहावीत. तिच्यात कोण वाट पाहत असेल, सांगता येत नाही.